दोघींचं इंजिन

धारवाडहून कलघटगीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं शेत. तिथल्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन होतं, दोन जड चाकांचं. ते चालू झालं की त्याची टुक्-टुक् लांबवर ऐकू यायची. चालू नाही झालं, तर घरभर अबोला!

बाबा गेले त्या उन्हाळ्यात मिरची सुकायला लागली. गडी तापानं आडवा. आई पदर खोचून उठली. शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, हे बायकांचं काम नव्हे." त्यांच्या हाताचा अंगठा हँडलच्या उलट्या झटक्यानं मोडलेला, तेव्हा भीती खोटी नव्हती.

पण आईनं बाबांना रोज बघितलं होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की तापते, आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेटतं. तो दाब नुसत्या हातानं तोडणं पैलवानालाही जड. म्हणून वर एक छोटी दांडी असते. ती उचलली की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हँडल हलकं फिरतं. चाकांनी वेग घेतला की दांडी सोडायची. पुढचं काम चाकंच करतात.

आईनं डिझेल जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं. पाणी गाळून पिणाऱ्या घरात हे कुणी शिकवावं लागतं का? मग नळीचा नट सैल करून बुडबुडे जाऊ दिले. दांडी माझ्या हातात, मी दहा वर्षांची.

घाबरून मी ती लवकर सोडली. चाकं अडली, हँडल उलटं उसळलं. आईनं अंगठा मुठीत आवळला नव्हता, बोटांच्याच बाजूला ठेवला होता, म्हणून हात सुटला आणि वाचला. ती रागावली नाही. "परत. मी सांगेन तेव्हाच."

चाकं घुमू लागली. "सोड!" एक धक्का, काळा धूर, आणि टुक्-टुक्!

पुढे वाचलं, १९२१ साली आलेल्या जर्मनीच्या लांझ बुलडॉग ट्रॅक्टरचं डोकं आधी ब्लोलॅम्पनं तापवावं लागे. इंग्लंडचा फील्ड मार्शल बंदुकीसारखं काडतूस उडवूनही सुरू करत. आईला सांगितलं तर हसली. "आपल्याला काडतूस कशाला? दोघी होतो की."

आता विहिरीवर विजेची मोटार आहे, बटण दाबलं की झालं. पण घरात एखादं काम अडलं, की मला अजून आईचा तो शब्द ऐकू येतो. जोर लावायच्या आधी मी दांडी कुठे आहे ते बघते.