जुने मेलखाते परत आणताना इंडेक्स फाइलींचे काय करावे

डव्हकॉट या मेल सर्व्हरवर पत्रांशेजारी इंडेक्स फाइली असतात. बंद केलेले खाते अर्काइव्हमधून परत आणताना ‘इंडेक्स टाकून द्या, सर्व्हर नवी बनवतो’ असा सल्ला हमखास मिळतो. पुष्कळ ठिकाणी अर्काइव्हची स्क्रिप्टच या फाइली वगळते. सल्ला खोटा नाही, पण तो काही साठवणपद्धतींपुरताच खरा आहे.

त्यांतली एक मेलडिर. तिच्यात प्रत्येक पत्राची फाइल वेगळी असते आणि वाचले, उत्तर दिले, तारांकित केले या खुणा फाइलीच्या नावातच असतात. इंडेक्स गेली तरी ती नव्याने उभी राहते. मात्र ‘डव्हकॉट-यूआयडीलिस्ट’ ही फाइल इंडेक्ससारखी दिसली तरी इंडेक्स नव्हे. पत्रांचे क्रमांक आणि फोल्डरचा वैधता-क्रमांक तिच्यात असतो. ती हरवली की आयमॅपवरचे मेल प्रोग्रॅम जुनी साठवण रद्द समजून सगळे पुन्हा उतरवतात, आणि पॉपवर पत्रे सर्व्हरवरच ठेवणाऱ्यांकडे ती दुबार येतात.

एमडीबॉक्स या दुसऱ्या साठवणपद्धतीत गणित उलटे आहे. एका फाइलीत अनेक पत्रे, आणि खुणा व फोल्डरांची मांडणी फक्त इंडेक्समध्ये. कॅरी शहरातल्या एका लहान कार्यालयात याचा फटका बसला. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते ग्राहकाशी झालेल्या वादामुळे परत उघडायचे होते. अर्काइव्हमध्ये पत्रे होती, इंडेक्स नव्हती. डव्हकॉटच्या ‘डव्हॲडमिन’ (doveadm) या साधनाची फोर्स-रीसिंक आज्ञा चालवली, पत्रे आली, पण बहुतेक सगळी इनबॉक्समध्ये आणि न वाचलेली. कारण सरळ होते: पत्र पहिल्यांदा ज्या फोल्डरमध्ये पडले त्याचेच नाव पत्रासोबत साठवलेले असते, नंतर ते कुठे हलवले याचा माग इंडेक्सबरोबर गेला. वर, खोडलेली पण ‘पर्ज’ न झालेली, म्हणजे डिस्कवरून कायमची न काढलेली, पत्रेही जिवंत झाली. करार, तक्रारी, बिले अशी त्या माणसाने वर्षानुवर्षे लावलेली वर्गवारी बुडाली, आणि वादात नेमकी तीच हवी होती. कोणते पत्र त्याने वाचले होते, कोणते मुद्दाम खोडले होते, हे आता पत्रांवरून सांगता येईना. एकही पत्र गहाळ नव्हते, म्हणून देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराच्या लेखी काम यशस्वी ठरले. हे खटकणारे आहे. पत्रे मोजून खाते परत आले असे म्हणणे म्हणजे कपाटातले कागद जमिनीवर ओतून दफ्तर शाबूत असल्याचे सांगणे.

तरीही जुनी इंडेक्स प्रत्येक वेळी जपावी असे नाही. चालू सर्व्हरवरून फाइली नुसत्या कॉपी केल्या असतील तर इंडेक्स एका क्षणाची आणि पत्रे दुसऱ्या क्षणाची असू शकतात. मेलडिरमध्ये अशी इंडेक्स काढून टाकून यूआयडीलिस्ट ठेवणेच बरे. एमडीबॉक्समध्ये शिळी इंडेक्सही आधी ठेवून मग फोर्स-रीसिंक करावे. निदान काही खुणा वाचतात.

क्रम असा ठेवावा. आधी साठवणपद्धत ओळखावी. अर्काइव्ह मूळ जागी न ओतता वेगळ्या जागी उघडावे आणि त्याची प्रत राखावी. फाइलींची मालकी व परवानग्या दुरुस्त कराव्यात, मग फोल्डर, खुणा आणि खोडलेली पत्रे तपासावीत. खाते चालू असेल तर जुनी पत्रे ‘डव्हॲडमिन’च्या इम्पोर्ट आज्ञेने आणावीत, कारण चालू इंडेक्सवर जुनी लादली तर नव्या पत्रांचे क्रमांक बिघडतात. यापुढची अर्काइव्हे ‘डव्हॲडमिन’च्या बॅकअप आज्ञेने घ्यावीत, ती खुणा आणि फोल्डर पत्रांसोबतच नेते.