मिरची कुठल्या वाटेने आली?

खंडवहन शिकवताना खरी अडचण ही, की मुलांना ते आधीच पटलेलं असतं. सातवीच्या वर्गाला नकाशा कापायला दिला की दोन मिनिटांत ब्राझीलचा फुगवटा आफ्रिकेच्या खोबणीत बसतो. "मॅडम, झालं!" कितीतरी वर्षं मीही त्या 'झालं'वर खूश होते.

एका वर्षी म्हटलं, पुरावे तुम्हीच आणा. एकाने लिहून आणलं: मिरची दक्षिण अमेरिकेत आहे, आपल्याकडेही आहे, म्हणून दोन्ही जमिनी पूर्वी जोडलेल्या होत्या. मी हसणार होते. मग फळ्याकडे नजर गेली. मेसोसॉरस या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म ब्राझीलमध्ये, तेच दक्षिण आफ्रिकेत, म्हणून जमीन एक. माझा साचाही तोच की! एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, मिरची तर पोर्तुगीजांनी आणली!" तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ कायमची आहे: दुसऱ्या कुठल्या वाटेने आलं असेल?

आमचं चंद्रपूर कोळशाचं गाव. एका मुलाचे वडील खाणीत कामाला. त्याने रुमालात गुंडाळून एक चपटा काळा दगड आणला. त्यावर जिभेसारखं लांबट पान, मधली शीर ठळक, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. ग्लॉसोप्टेरिस. पंचवीस कोटी वर्षांहून जुनं. दगड हातोहात फिरला, एकाने तर वासही घेतला. हेच पान आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सापडतं. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती गारठून मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड होते, आणि त्यांतही हे पान होतं.

पण फळ्यावरची ओळ गप्प बसू देत नाही. "बी वाऱ्याने उडालं असेल." असेलही. मग मी जिल्ह्यातल्याच इरईची गोष्ट काढते. तिथल्या चुनखडकावर हिमनदीने दगड फरफटत नेल्याचे ओरखडे आहेत. चंद्रपूरच्या मुलांना हे सांगून बघा! "इथं अन् बर्फ?" बी उडेल, हिमनदी कशी उडणार? "तेव्हा सगळी पृथ्वीच थंड असेल," हा बाण हमखास येतो. पण जवळपास त्याच काळात युरोपात दलदलीची उष्ण जंगलं माजली होती; तिकडचा कोळसा त्यांचाच.

ग्लॉसोप्टेरिसच्या याच पानावरून ऑस्ट्रियाच्या भूशास्त्रज्ञ झ्यूसने 'गोंडवनभूमी' हे नाव रूढ केलं, आपल्या गोंडांच्या मुलखावरून. मात्र त्याच्या मते जमिनी सरकल्या नव्हत्या, मधली जमीन समुद्रात बुडाली होती. एकच पान, दोन गोष्टी. वर्गात मत घेतलं तर बुडालेली जमीनच जिंकते. रामसेतू पाठीशी असतोच. मग मी बादलीत लाकडाचा ठोकळा सोडते. दाबला की वर येतो. खंडवहनाची कल्पना मांडणाऱ्या वेगेनरचा मुद्दा हाच होता: खंडांचा खडक हलका, समुद्रतळाचा जड; हलकं जडात बुडेल कसं?

त्या वर्षी चाचणीत मिरचीवालीने, म्हणजे मागच्या बाकावरच्या त्या मुलीने, लिहिलं, 'जमीन बुडाली नसेल हे पटलं. पण एवढी जमीन ढकलली कोणी?' प्रश्नाखाली रेघ, पुढे कोरी जागा. वेगेनरला त्याच्या हयातीत भूशास्त्रज्ञांनी नेमकं हेच विचारलं. पृथ्वीच्या फिरण्याचा जोर, भरतीची ओढ अशी त्याची उत्तरं फारच तोकडी पडली. 1930 साली तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला, आणि पटण्याजोगं उत्तर समुद्रतळाच्या अभ्यासातून हाती यायला 1960चं दशक उजाडलं.

नमुना उत्तरात तिच्या प्रश्नाला जागा नव्हती. पाचपैकी किती द्यावेत, यात माझा चहा गार झाला.