रात्रीची लाईन

आमचं गाव किन्हीराजा. हरभऱ्याचं ओलित सुरू आहे आणि या आठवड्यात शेतीच्या विजेची लाईन रात्रीची. काल पहाटे स्प्रिंकलरचे पाईप बदलताना उभ्याउभ्याच डोळा लागला. हातातला टॉर्च चिखलात पडला तेव्हा दचकून जागा झालो. थंडी, विंचूकाट्याची भीती, त्यात हे.

मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप लागते. ती रोज तुटली की बीपी वाढतो, साखर बिघडते, माणूस चिडका होतो. घरातल्या लेकरांना ते सगळ्यांत आधी कळतं.

मध्यरात्रीनंतरचा चहा बंद केलाय. सकाळी घरी आलो की खिडकीला गोधडी लावतो, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवतो. पण हे उपाय अर्धेच. सौर कृषी वाहिनी योजनेची दिवसाची वीज प्रत्येक वावरापर्यंत लवकर पोहोचवा. आम्हाला रात्री झोपू द्या.