सातबाऱ्यावर नाव नसलेले वाटेकरी

जमिनीचे पैसे बँकेत जमा झाले की आमच्या ख्रिस्ती घरांतून एक प्रश्न हमखास येतो. दशमांश कशावर काढायचा? आलेल्या सगळ्या रकमेवर, की खर्च वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर? मी खोपोलीत कर सल्लागार म्हणून काम करते आणि आमच्या मंडळीची खजिनदारही आहे. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही नात्यांनी माझ्याकडे येतो.

उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाचा, तो आधी बाजूला काढायचा आणि मग घर चालवायचं, ही जुन्या करारातली शिकवण प्रोटेस्टंट मंडळ्यांनी घट्ट धरून ठेवली आहे. कॅथलिक धर्मनियमांत चर्चच्या गरजांना हातभार लावण्याचं बंधन आहे, पण टक्का ठरवलेला नाही. पगारदार माणसाला हे सोपं जातं. महिन्याला ३०,००० आले तर ३,००० पाकिटात. पण ज्याने जन्मात ५०,००० एकरकमी पाहिले नाहीत त्याच्या खात्यात ६० लाख आले, की तोच दहावा हिस्सा ६ लाखांचा होतो आणि हात थबकतो. हात थबकणाऱ्याला मी लोभी म्हणत नाही. एवढी मोठी रक्कम पहिल्यांदाच हाताळताना कुणीही गोंधळेल.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आम्ही ख्रिस्ती थोडे. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडायची म्हणून कर्जत हे रेल्वेचं मोठं ठाणं झालं. खोपोलीत टाटांचं वीजगृह १९१५ मध्ये सुरू झालं, पुढे कारखाने आले. या नोकऱ्यांमागे नगर, सोलापूर, मराठवाडा इकडून आलेल्या घरांत आमचीही घरं होती. कुणी फंडाच्या पैशांतून चार गुंठे घेतले, कुणी सासऱ्याच्या ओळखीने माळरानाचा तुकडा घेतला, आणि काही घरांकडे वाडवडिलांची शेतीही आहे. मग द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला, पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचं काम चौकावरून पुढे सरकलं, आणि मुंबई-पुण्याच्या लोकांना फार्महाऊससाठी हाच डोंगरपायथा आवडू लागला. ज्या वरकस जमिनीत नाचणी-वरीपलीकडे काही पिकत नव्हतं, तिला गुंठ्यावर भाव आला.

अचानक आलेल्या पैशाचं काय करायचं, हा प्रश्न बायबलला नवा नाही. उलट बायबलमधला पहिला दशमांश पगारावरचाही नाही आणि पिकावरचाही नाही, तो घबाडावरचाच आहे. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात अब्राम आपल्या पुतण्याला, लोटाला, सोडवायला लढाईवर जातो आणि मोठी लूट घेऊन परततो. वाटेत शालेमचा राजा मलकीसदेक भेटतो, त्याला तो सगळ्याचा दहावा भाग देतो. प्रवचनात गोष्ट बहुधा इथेच संपते. पण अब्राम पुढे आणखी दोन गोष्टी करतो. सदोमचा राजा बाकीची मालमत्ता देऊ करतो तेव्हा तो सुताचा धागासुद्धा घेत नाही. मात्र त्याच वेळी बजावून सांगतो, की माझ्याबरोबर आलेल्या आनेर, अष्कोल आणि मम्रे यांचा वाटा त्यांना मिळालाच पाहिजे. स्वतःचा हक्क सोडणारा हा माणूस सोबत्यांचा हक्क सोडत नाही. मोबदल्याच्या पैशाबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या प्रसंगात आहे: दहावा हिस्सा काढण्याआधी, आलेल्या पैशात दुसऱ्या कुणाचा वाटा आहे का ते पाहा.

पण आधी हिशेब, कारण लोक त्यासाठी येतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन गेली असेल तर बाजारभाव, ग्रामीण भागासाठीचा गुणक आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम असा मोबदला बसतो, आणि त्यावर प्राप्तिकर लागत नाही. न्यायालयात जाऊन वाढीव मोबदला मिळाला असेल तर त्यावरच्या व्याजाचा विचार वेगळा करावा लागतो. खासगी विक्रीत जमीन कुठे आहे ते महत्त्वाचं. खोपोली आणि कर्जत या दोन्ही नगरपरिषदांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ लाखाच्या आत आहे, म्हणून त्यांच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरपलीकडची शेतजमीन प्राप्तिकरासाठी भांडवली मालमत्ता धरली जात नाही. अंतर रस्त्याने मोजायचं नाही, आणि बिनशेती झालेल्या प्लॉटला ही सवलत नाही. या दोन गोष्टी न कळल्यामुळे लोक एकतर नको तो कर भरतात किंवा भरायचा तो चुकवून नोटीस ओढवून घेतात.

दशमांशाबद्दल माझं मत असं. जमीन स्वतःच्या कमाईतून घेतली असेल आणि त्या कमाईवर दशमांश आधीच दिलेला असेल, तर खरेदीची किंमत वजा करा आणि बाकीवर काढा. वडिलार्जित असेल तर काहीही वजा करू नका, तुम्ही त्यासाठी काही मोजलेलं नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएलांना स्पष्ट सांगतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ राहणारे उपरे आहात. वडिलांच्या जमिनीला हे वाक्य शब्दशः लागू होतं असं मी मानते.

आता वाटेकरी. पहिली वाटेकरी बहीण. आम्हां ख्रिस्ती लोकांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले तर आईला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलामुलींना सारखं, हा नियम त्यात पहिल्यापासून आहे. असं असूनही मोबदल्याची नोटीस आली की भाऊ आधी हक्कसोड पत्राचा स्टँप घेऊन बहिणीच्या सासरी जातात. साडी-चोळी होते, जेवण होतं, सही होते. आणि हेच भाऊ रविवारी पूर्ण रकमेचा दशमांश घेऊन येतात. बहिणीच्या पैशातला दहावा हिस्सा देवाला वाहणं हे अर्पण नव्हे. लूकच्या बाराव्या अध्यायात धान्याची कोठारं वाढवणाऱ्या श्रीमंत मूर्खाचा दाखला आहे, तो येशूने कशावरून सांगितला? एक माणूस भावाने वतनाचा वाटा दिला नाही अशी तक्रार घेऊन आला होता, त्यावरून. म्हणून हक्कसोड बहिणीने स्वतः होऊन, रक्कम माहीत असताना दिली असेल तरच मी पुढचा कागद करते.

खर्चाबद्दल थोडक्यात. कर्ज आधी फेडा. वर्षभर गाडी, लग्नातला बडेजाव आणि दुसरा मजला थांबवा. ‘दामदुप्पट’वाल्या एजंटाला चहासुद्धा विचारू नका, तो मोबदल्याची यादी पाहूनच आलेला असतो. रक्कम एकाच बँकेत, एकाच मुदतीला ठेवू नका. आणि जो उपदेशक सांगतो की इतकं पेर म्हणजे देव शंभरपट देईल, त्याला एक रुपयाही देऊ नका. दशमांश ही गुंतवणूक नाही.

चर्चला किती द्यावं यावर माझं पाळकांशी नेहमी बोलणं होतं. पन्नास-साठ घरांच्या मंडळीत एका पाकिटातून ६ लाख आले की त्याची कमान होते, फरशी होते, मोठे स्पीकर येतात, आणि भिंतीवर संगमरवरी पाटी लागते. पाळकांचा पगार तसाच राहतो. डाव्या हाताला कळू नये असं दान करायला सांगणाऱ्या प्रभूच्या घरात दात्याच्या नावाची पाटी मला सहन होत नाही. मंडळीला द्यायचंच तर मुदतठेव करून द्या, तिच्या व्याजातून पाळकांच्या मुलांच्या फिया भरा. चेकने द्या, पावती घ्या. जिथे करच लागत नाही तिथे ती पावती करसवलतीसाठी नको असते, पण ट्रस्टच्या हिशेबासाठी हवीच.

पण सगळा दशमांश चर्चमध्येच आला पाहिजे, हे मला शास्त्राला धरून वाटत नाही. मलाखीचा तिसरा अध्याय, दहावं वचन, अख्खा दशमांश भांडारात आणा, हे आमच्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. त्याच अध्यायाचं पाचवं वचन किती जणांना आठवतं? तिथे देव मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा, पोरके आणि परके यांना नाडणाऱ्यांविरुद्ध साक्ष द्यायला येतो. आणि अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावाच्या वेशीतच ठेवायला सांगितला आहे. लेवी, उपरा, पोरका आणि विधवा यांनी तिथे येऊन पोटभर खावं म्हणून.

आमच्या तालुक्यांत वेशीवरचा हा माणूस, म्हणजे दुसरा वाटेकरी, कोण, हे शोधायला लांब जावं लागत नाही. भात कापून, झोडून झालं की रिकाम्या खाचरांत कातकरी आणि ठाकूर बाया सरवा वेचताना दिसतात. पडलेल्या लोंब्या गोळा करायच्या, उंदरांची बिळं उकरून त्यांनी साठवलेलं भात काढायचं. कर्जत-३ असो की कर्जत-७, मालकाच्या कणगीत गेल्यावर जे जमिनीवर राहतं ते त्यांचं. शेताच्या कडा पूर्ण कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी राहू द्या, हा लेवीयातला नियम आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी बायबल न वाचताच पाळला. त्या शेतावर लावणीला, बेणणीला हीच माणसं. जमिनीला कुंपण पडलं की लावणीची मजुरी गेली, सरवा गेला, सरपणाची वाट गेली. पावसाळ्यानंतर उरते ती मुकादमाची उचल आणि वीटभट्टी.

२०१३ चा कायदा या माणसांना ओळखतो, हे बहुतेकांना ठाऊक नाही. ज्यांच्या मालकीची जमीन नाही पण संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर मजूर, कूळ किंवा वाटेकरी म्हणून ज्यांची मुख्य उपजीविका होती, अशी कुटुंबंही त्यात ‘बाधित’ आहेत. व्यवहारात मात्र पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला जातो. आणि बंगल्याच्या प्लॉटसाठी केलेल्या खासगी विक्रीत तर हा विषयच निघत नाही. रायगड हा चरीच्या संपाचा जिल्हा. १९३३ पासून इथल्या कुळांनी वर्षानुवर्षं जमीन पडीक ठेवली, उपाशी राहिले, पण खोतापुढे वाकले नाहीत. त्यातून पुढे कसेल त्याची जमीन झाली. कातकऱ्याचं नाव मात्र बहुधा कुळाच्या रकान्यातही नव्हतं.

त्याहून अवघड गोष्ट घराच्या जागेची. पुष्कळ कातकरी वाड्या आजही खासगी सातबाऱ्यावर उभ्या आहेत. कधीकाळी मालकानेच राखणीला, मजुरीला म्हणून त्यांना शेताच्या कडेला बसवलं. दोन-तीन पिढ्या तिथे जन्मल्या आणि मेल्या. कशेळेच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं आहे. जमिनीला भाव आला की पहिली नोटीस या झोपड्यांना मिळते.

खरेदीखतात एक ठरलेलं कलम असतं: सदर मिळकतीवर अन्य कोणाचाही कब्जा, वहिवाट वा हक्कसंबंध नाही, रिकामा व निर्वेध ताबा दिला आहे. मी हे कलम वाचून दाखवते आणि विचारते, खरं आहे का? कोपऱ्यात सहा झोपड्या आहेत, चुली पेटताहेत. बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली, पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले, पण किंमत खोटी सांगितली. पेत्राने हनन्याला स्पष्ट म्हटलं की जमीन तुझीच होती, पैसेही तुझेच होते. त्यांचा गुन्हा कमी दिल्याचा नव्हता, खोटं बोलल्याचा होता. त्या कलमाखाली सही करून मिळालेल्या पैशाचा दहावा काय, अर्धा हिस्सा दिला तरी ते खोटं धुतलं जात नाही.

कर्जत तालुक्यातल्या एका घराने वेगळं केलं. दोघे भाऊ, एक बहीण, वडिलांची तीन एकर वरकस. गिऱ्हाईक आलं, इसार ठरला. बहीण म्हणाली, सही करीन, पण वाडीची जागा विक्रीत धरायची नाही. भावांना पटेना, गिऱ्हाईक रागावलं, भाव खाली आला. शेवटी मोजणी मागवली, झोपड्या, विहिरीची वाट आणि पुढचं अंगण धरून पोटहिस्सा वेगळा काढायचं ठरलं, आणि उरलेल्याचंच खरेदीखत झालं. भाव पाडल्याने आणि जागा सोडल्याने जे गेलं ते दशमांशापेक्षा बरंच जास्त होतं. पाळकांनी मला खजिनदार म्हणून विचारलं, यांचं अर्पण कुठे लिहायचं? मी म्हटलं, मंडळीच्या वहीत लिहायचं नाही, ते मंडळीचं नाही. ते नाराज झाले आणि आमचं यावर अजून एकमत नाही.

अशा दानाला अटी नकोत. वाडीवर प्रार्थनासभा घेऊ द्या, मुलांना रविवारच्या शाळेत पाठवा, असं काहीही त्यासोबत येता कामा नये. तसं केलं तर ते आमिष होतं आणि देणाऱ्याची व घेणाऱ्याची दोघांची अब्रू जाते. जे आपण वाटेकऱ्याला परत करतो त्यावर उपकाराची भाषा शोभत नाही.

कागदाचं काम मात्र सोपं नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, दोन-चार गुंठे शेतजमीन उचलून सहा कुटुंबांच्या नावे बक्षीसपत्र करता येत नाही. परवानग्या लागतात, नाहीतर घरजागेचा प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह वर पाठवावा लागतो. या घराचा प्रस्ताव अजून फिरतोच आहे. पण जागा विकली गेलेली नाही आणि झोपड्या उभ्या आहेत. खरेदीखत झाल्यावर यातलं काहीच हाती राहत नाही. म्हणून ज्यांची इसारपावती अजून व्हायची आहे त्यांनी मोजणीचा अर्ज आधी भरावा, आणि मोजणीच्या दिवशी वाडीतल्या माणसांनाही हद्दीवर बोलावून घ्यावं.