मुठेलातला कण

मुठेलात, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलात, कण धरले म्हणून ते वाया जात नाही. टाचेच्या भेगांना ते तसंच चालतं. काशाच्या वाटीनं तळपाय घासताना तर कण आहेत की नाहीत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तरीसुद्धा डबीचं झाकण उघडून बोट फिरवल्यावर ती बारीक वाळू लागली की माझा दिवस बिघडतो. आमच्या सिंधुदुर्गात कोकमाच्या बियांचं तेल काढणाऱ्या बायका घरोघरी होत्या, अजूनही थोड्या उरल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींना हा कण म्हणजे दोष वाटतच नाही. मला वाटतो. आणि आता तो पकडणारी माझी बोटंच बधिर झाली आहेत.

मधुमेहानं आधी पाय धरले, मग हात. डॉक्टरांनी नसांचं कारण सांगितलं, गोळ्या दिल्या. पूर्वीची जाण परत येईल असं काही ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. भाकरी थापता येते, फणस चिरता येतो, सगळं करते. पण निवत आलेल्या तेलात करंगळी बुडवून "आता" असं जे कळायचं, ते कळेनासं झालं आहे. हे काम करणारीला ते "आता" म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांना सांगायचा प्रयत्न करते.

बिया फोडणं, पाखडणं, गर कुटून पाण्यात उकळणं, वर आलेलं तेल काढून पुन्हा कढवणं, यात कष्ट आहेत, गूढ काही नाही. कोणी कुटलेला गर रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी घुसळतात आणि वर आलेला गोळा काढतात, तेही चांगलंच. खरी परीक्षा त्यानंतर. कढईत स्वच्छ, पारदर्शक, पाण्याचा थेंब नसलेलं तेल आहे. ते आता गोठायचं आहे. मुठीत दाबून गोळे करायचे असतील तर घाई नाही. पण ओठांना लावायला डबीत भरायचं मलम हवं असेल, तर इथून पुढच्या थोड्या वेळात सगळं ठरतं.

कोकमाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग स्टिअरिक आम्लाचा आणि उरलेला बहुतेक ओलेइक आम्लाचा. यातलं काही लवकर घट्ट व्हायला बघतं, काही मऊ राहू बघतं. तेल सावकाश निवलं तर घट्ट होणाऱ्या भागाला एकत्र यायला सवड मिळते आणि त्याचे टपोरे कण तयार होतात. भराभर निवलं, ढवळत राहिलं, तर कण इतके सूक्ष्म राहतात की जिभेलाही लागत नाहीत. एवढंच शास्त्र आहे. पण ते कळल्यानं हातात काही येत नाही, कारण हे तेल वितळतं ४० अंशांच्या आसपास, आणि गोठायला मात्र त्याच आकड्यावर सुरुवात करत नाही. ते त्याच्या बरंच खाली जातं, पातळच राहतं, आणि मग एकदम दुधाळ होतं. किती खाली जाईल हे भांडं, हवा, ढवळण्याचा वेग आणि आधी ते किती तापवलं होतं, यांवर ठरतं.

आधी किती तापवलं होतं, हे सगळ्यांत दगाबाज. डोळ्यांना तेल पूर्ण वितळलेलं दिसतं, पण आत न दिसणारे कण तसेच उरलेले असतात. साखरेच्या पाकात एक न विरघळलेला दाणा राहिला की सगळा पाक साखरतो, तसं ते उरलेले कण बाकीच्या तेलाला आपल्याभोवती गोळा करतात. म्हणून मी तेल वितळल्यानंतरही काही वेळ मंद आचेवर ठेवते. वितळलं की उतरवायचं, ही बहुतेकींची रीत आहे. सरपण वाचतं, पण कण तिथेच पेरले जातात.

उतरवल्यावर पातेलं विहिरीच्या पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि ढवळत राहायचं. मे महिन्यात पाणीच कोमट, तेव्हा मी हे काम करतच नाही. बिया वाळवून ठेवते आणि तेल पावसात काढते. श्रावणातली हवा आणि विहिरीचं पाणी या कामाला सगळ्यांत चांगलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे केलं तर कडेला लगेच थर धरतो आणि मध्ये तेल गरम राहतं. तो थर खरवडून आत ढवळला की त्याचे तुकडे तसेच राहतात. हे सगळं करंगळी सांभाळायची. तेलाचा दाटपणा बोटाच्या टोकाला आधी कळायचा, डोळ्यांना नंतर. दुधाळपणा दिसायच्या किंचित आधी ढवळण्याचा वेग वाढवायचा, आणि पळीतून पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ ठेवू लागली की डब्या भरायच्या. त्याआधी भरलं तर डबीत मध्यभागी कण, त्यानंतर भरलं तर खड्डे.

शेजारची एक मुलगी दोन वर्षांपासून माझ्याकडे येते. रसायनशास्त्र शिकलेली, लग्न होऊन आमच्या वाडीत आली. मला काकी म्हणते. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकी, किती अंशांवर थांबाचा, ता सांगा." मी म्हटलं, "आकडो माका ठाऊक नाय." तिनं तापमापक आणला. त्या दिवशी ज्या आकड्यावर तेल दुधाळ झालं, तो तिनं वहीत लिहिला. पुढच्या खेपेला त्या आकड्यावर काहीच झालं नाही, त्याच्या पुढच्या खेपेला तो यायच्या आधीच सगळं झालं. ती हिरमुसली नाही. तिनं आकड्यासमोर हवा, पाणी, पातेलं असं लिहायला सुरुवात केली. तिची वही माझ्या करंगळीपर्यंत पोचेल का, मला सांगता येत नाही. पण तेल वितळल्यावर ते किती तापवायचं, हे तिनं आकड्यानं पक्कं केलं. त्या एका बाबतीत तिची रीत माझ्यापेक्षा बरी आहे, हे मी तिला सांगितलं आहे.

एक गोष्ट मात्र मी तिला अजून करू देत नाही. डब्या भरणं. ढवळायला ती, परातीतलं पाणी बदलायला ती, भरायला मी. बोटं साथ देत नाहीत म्हणून पळीची मागची बाजू खालच्या ओठाला टेकवून बघते. ओठाला अजून कळतं. यामागे परंपरा, शिस्त असलं काही नाही. माझं मुठेल गुळगुळीत असतं, हे वाडीत ठाऊक आहे. लग्नकार्यात कुणी बाईनं डबी उघडून "ह्यां तुमचां मां?" असं विचारलं की मला जो आनंद होतो, तो मुलांच्या निकालानंही झाला नव्हता. तो आनंद दुसऱ्याच्या हाती द्यायला मी तयार नाही. दुसऱ्या वाडीतल्या एका बाईचं तेल माझ्याहून पांढरं निघायचं, तर मी कितीतरी दिवस तिच्या घरी गेले नाही. ती कुटण्याआधी एकेक गर निवडून काळपट पडलेले बाजूला काढायची, हे मला पुढे कळलं. आता मीही काढते. तिला ते कधी सांगितलं नाही.

मऊपणासाठी खोबरेल घालावं का, हा दुसरा वाद. निव्वळ कोकमतेल कठीण असतं. ओठांची ऊब त्याला पटकन वितळवू शकत नाही, घासावं लागतं. खोबरेल घातलं की ते लोण्याइतकं सरकतं, आणि कणांची भीती दुप्पट होते. पातळ तेलात घट्ट भागाला हिंडून एकत्र यायला मोकळी जागा मिळते. थोडं मेण घातलं तर ते लवकर घट्ट होऊन बाकीच्याला जागच्या जागी धरतं. मेण वितळायला ६२-६४ अंश लागतात, म्हणून ते आधी. पण मेण जास्त झालं की ओठावर पापुद्रा बसतो. मेण जेमतेम आणि ढवळणं भरपूर, हे माझं मत. ज्यांना ढवळायचा कंटाळा आहे, त्या मेण वाढवतात.

एवढं करूनही डबी माझ्या घराबाहेर पडली की माझं राज्य संपतं. मुंबईला निघालेली डबी मे महिन्यात गाडीच्या काचेमागे वितळते, रात्री सावकाश गोठते, आणि पोचते तेव्हा आत वाळू. भाचीचा फोन येतो, "या खेपेचं रवाळ झालंय." ते इथून निघताना रवाळ नव्हतं, हे मी तिला दर वेळी सांगते. आता डब्या गणपतीनंतरच देते. घाई असेल त्यांनी मुठेलाचा गोळा न्यावा.

बाजारात कोकम बटर म्हणून पांढरीशुभ्र, वास नसलेली बरणी मिळते. ते शुद्ध केलेलं, वास काढून टाकलेलं तेल असतं. मोठ्या प्रमाणावर काढताना पेंडीतला शेवटचा अंश मिळवायला द्रावक वापरतात. ते वाईट असतं असं मी म्हणत नाही, कातडीला ते चालतं. पण त्यात कोकमाचं काही उरत नाही. आमच्या तेलाला किंचित मातकट वास असतो, रंग फिकट पिवळट असतो, आणि तो वास ओळखणारं नाक आता कमी होत चाललं आहे. मला जास्त राग येतो तो मोबाइलवर घरगुती मलमं शिकवणाऱ्यांचा. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, तेल एकत्र घुसळतात, त्यात ई जीवनसत्त्वाची गोळी पिळतात आणि सांगतात की आता हे महिनोन् महिने टिकेल. ते जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवतं. पाण्यात वाढणाऱ्या बुरशीला ते काहीही करत नाही. ज्यात पाणी आहे ते परिरक्षकाशिवाय टिकत नाही, मग ते कितीही नैसर्गिक असो. शतधौत घृतासारखं, पाण्यात शंभरदा धुतलेल्या तुपाचं जुनं मलमसुद्धा थोडं करून लवकर संपवायचं. आणि लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नका. त्या रसानं उन्हात कातडी भाजते, फोड येतात.

हे मलम विकत का नाही, असंही विचारतात. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो, आणि तो लागावा हेच बरोबर आहे. दुसऱ्याच्या अंगाला लावायची वस्तू आहे. मी देते ती घरातल्यांना, शेजारी, आणि जे मागतात त्यांना.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. युरोपीय संघानं २००० साली चॉकलेटात कोकोखेरीज ५ टक्क्यांपर्यंत चालतील अशी सहा वनस्पतींची तेलं ठरवली, त्यांत आपलं कोकम आहे, कारण त्याची घडण कोकोच्या तेलाशी जुळते. बीच्या गरात ४० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. आमच्या पद्धतीनं तेवढं कधीच हाती येत नाही, पण येतं तेही कमी नाही. आणि आमच्याच वाडीत आमसुलं आणि आगळ झालं की बियांचे ढीग माडाच्या मुळाशी पडतात, पहिल्या पावसात कुजतात. सोलं विकली जातात, बी कुटायला माणूस नाही, हे कारण मला समजतं. तरी ज्यांच्या दारात रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, आहे त्यांना माझं सांगणं आहे: या मे महिन्यात बिया टाकू नका. राख लावून चोळा, धुवा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि पाऊस लागायच्या आत कोरड्या डब्यात भरून ठेवा. स्वतः कुटायचं नसेल तर कुटणारीला द्या.