काळ्या गाडीचा ताळेबंद

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने मासिकासाठी लेख लिहावा, ही कल्पनाच आमच्या वर्गात विनोदी ठरते. आमची मराठी रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांच्यापुढे जात नाही, असा कला शाखेच्या मित्रांचा ठाम समज आहे. त्यामुळे मराठी विभागाच्या सरांनी लेख मागितला, तेव्हा मी हात जोडून म्हणालो, "सर, सुट्टीत गाड्या पुसण्यापलीकडे मी काही केलेले नाही." सर म्हणाले, "मग तेच लिही." तेव्हा वाचकहो, हा लेख गाडी पुसण्याविषयी आहे. त्यातही काळ्या गाडीविषयी. आणि थोडासा माझ्या एका लबाडीविषयी.

गोष्ट २०२५ च्या मे महिन्यातली. पुढच्या वर्षाच्या फीची निम्मी रक्कम तरी आपण उभी करावी, म्हणून मी मामाच्या ओळखीने खानापूर रोडवरच्या एका गॅरेजात कामाला लागलो. रोजचे तीनशे रुपये आणि दोन वेळचा चहा. गॅरेजचे मेस्त्री कानडी. त्यांची मराठी आणि माझी कानडी साधारण एकाच तोलाची. त्यामुळे आमचे बोलणे दोन्ही भाषांच्या शिवेवरून चालायचे. पहिल्याच दिवशी मी एका गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकायला गेलो आणि ते ओरडले, "सावकाश, तम्मा, सावकाश!" हा शब्द कानडीतला की मराठीतला, असे मी नंतर त्यांना विचारले. ते म्हणाले, "कामाचा आहे. घे."

आपण धूळ म्हणतो ती खरे म्हणजे बारीक वाळू असते. कोरड्या फडक्याखाली ती सापडली की फडक्याचा पॉलिशपेपर होतो. म्हणून आधी भरपूर पाणी मारायचे, मग शाम्पूच्या पाण्याने टपापासून खाली धूत यायचे. बादल्या दोन: एक शाम्पूची, दुसरी फडके खळबळण्याच्या साध्या पाण्याची. कपड्यांची पावडर वापरायची नाही. ती मळाबरोबर आधीचे वॅक्सही घेऊन जाते. बोअरचे पाणी अंगावर वाळू द्यायचे नाही, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात. एवढे शिकायला मला आठवडा लागला. गाडी धुणे हेही शिकावे लागते, हे कळायला त्याहून थोडे जास्त दिवस गेले.

महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक काळी गाडी आली. बारा वर्षांची, सेकंडहँड घेतलेली. आतून उतरले ते आमच्या मराठी शाळेतले गणिताचे सर! आता ते निवृत्त झाले आहेत. रविवारी मुलीचे लग्न. म्हणाले, "हिला याच गाडीतून सासरी पाठवायची आहे. बघणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे रे गाडीत." मला ओळखल्यावर त्यांना फार आनंद झाला. "आपला विद्यार्थी आहे, म्हणजे काळजी नाही," असे ते मेस्त्रींना म्हणाले. ते वाक्य मला पुढे फार जड गेले.

मेस्त्रींनी गाडी सावलीत घेतली, हातदिवा लावला आणि बॉनेटवर धरला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे विणल्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे चमकले. दिवा सरकवला की जाळेही सरकायचे. ओरखडे मुळात गोल नसतात, ते सगळ्या दिशांनी गेलेले असतात. पण जे दिव्याला आडवे पडतात तेवढेच उजळतात, म्हणून वर्तुळे भासतात. बारा वर्षांत कोणी कोणी कोरड्या फडक्याने ती गाडी पुसली होती, त्याची सगळी रोजकीर्द तिथे लिहिलेली होती.

हे काळ्याच गाडीवर इतके का दिसते, याचा हिशेब मला आवडला. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो. त्यावर समोरून शंभर रुपयांचा प्रकाश पडला, तर साधारण चारच रुपये आरशासारखे परत येतात. बाकीचा प्रकाश आत जातो. पांढरा रंग त्यातला पुष्कळसा इकडे तिकडे उधळून परत देतो, आणि त्या गर्दीत ओरखडे बुडून जातात. काळा रंग आत आलेले जवळजवळ सगळे गिळतो. उरतात ते चार रुपये. तेवढ्यावरच काळ्या गाडीचा सगळा थाट उभा; म्हणून त्यातली एक दिडकी इकडची तिकडे झाली तरी डोळ्यांत भरते. फोर्ड कंपनीने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी ही गाडी फक्त काळ्या रंगात विकली. एकच रंग ठेवला की काम सोपे आणि स्वस्त. कारखान्याला स्वस्त पडलेला तो रंग धुणाऱ्यापुसणाऱ्याला मात्र फार महाग पडतो.

पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चकचकीत लावणे, असे मी तोवर समजत होतो. प्रत्यक्षात पॉलिश काढते. ओरखड्याच्या दोन्ही काठांची जमीन झिजवून त्याच्या तळाशी आणायची, म्हणजे ओरखडा राहत नाही. क्लिअर कोट असतो सुमारे चाळीस ते पन्नास मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. त्या केसाहूनही पातळ थरातला थोडासा भाग प्रत्येक पॉलिशला जातो, आणि गेला तो गेला. जुन्या गाड्यांना हा वेगळा थर नसे. त्या घासल्या की रंगच फडक्यावर उतरायचा. वॅक्सचे तसे नाही. ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानांवरून निघणारे कठीण मेण त्यात असते. ते ऐंशी अंशांच्या वर वितळते, म्हणून उन्हात तापलेल्या पत्र्यावरही तग धरते. ते पातळ लावायचे, वाळून धुरकट झाले की पुसायचे. महिन्या-दोन महिन्यांनी ते उडून जाते, पुन्हा लावता येते. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर वॅक्स हा चालू खर्च. पॉलिश मात्र भांडवलातून.

बुधवारी आणि गुरुवारी आम्ही गाडी धुतली, मऊ क्ले फिरवून अंगात रुतलेले कण काढले, मशीनवर फोमचे पॅड चढवून दोन्ही बाजू आणि डिकी केली. दोन हात लांब, दोन हात रुंद एवढाच तुकडा एका वेळी घ्यायचा. मशीन जोराने दाबायचे नाही, त्याच्या वजनाने चालू द्यायचे. शुक्रवारी दुपारी मेस्त्रींना सामान आणायला हुबळीला जावे लागले. बॉनेट राहिले होते. जाताना ते सांगून गेले, "कंगोऱ्यावर टेप लाव. तिथे रंग पातळ असतो."

मी टेप लावली नाही. सर संध्याकाळी येणार होते, आणि दोन दिवसांत आपल्याला सगळे येऊ लागले आहे असे मला वाटत होते. बॉनेटच्या मधल्या कंगोऱ्यावर मशीन गेले, एक-दोन क्षण जास्त थांबले, आणि पॅडवर काळा रंग दिसला. पोटात गोळा आला. मशीन बंद करून पाहिले. नखाएवढ्या जागेवरचा क्लिअर कोट गेला होता. तिथली चकाकी मेली होती; पाटीसारखा नुसता काळा ठिपका उरला होता.

मी काय केले? त्यावर वॅक्स लावले. वाळू दिले, पुसले, पुन्हा लावले. सावलीत ठिपका जवळजवळ दिसेनासा झाला. सर आले तेव्हा दिवस मावळत होता. बॉनेटमध्ये त्यांनी स्वतःचा चेहरा पाहिला, टोपी नीट केली आणि हसले. जाताना माझ्या खिशात दोनशे रुपये कोंबले. रात्री मेस्त्री परत आले, तेव्हा गाडी गेलेली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षअखेरीला कंपनी आपली स्थिती आहे त्याहून बरी दिसावी म्हणून आकड्यांची जी सजावट करते, तिला आम्ही विंडो ड्रेसिंग म्हणतो. पाच गुणांचा हा प्रश्न मी परीक्षेत मुद्देसूद लिहिला होता.

शनिवारी सकाळी मी मेस्त्रींना सांगितले. वाटले, आता काढून टाकतील. त्यांनी हातातला चहा संपवला आणि विचारले, "वॅक्स किती दिवस टिकेल?"

"महिना. फार तर दोन."

"आणि सर गाडी किती दिवस वापरतील?"

मी काही बोललो नाही. त्यांनी स्कूटर काढली. "चल."

शहापुरात सरांच्या दारात मांडव पडत होता. पाहुणे आले होते, सनई लागली होती. अशा घरात जाऊन हे सांगायचे म्हणजे पाय उचलेनात. मेस्त्री फाटकाशीच थांबले. बोलायचे मीच होते. मी सरांना गाडीजवळ नेले. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो ठिपका मला न दाखवताही दिसत होता. सांगून झाले. दोनशेची नोट पुढे केली.

सरांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले. मग म्हणाले, "चौथीत गणित चुकले की तू वही दप्तराखाली लपवायचास. आज वही आणून दाखवलीस." थोडे थांबून म्हणाले, "उद्या तिथे हार येईल. सोमवारी गाडी घेऊन जा. आणि ते पैसे ठेव, ते धुण्याचे आहेत." तेवढ्यात आतून कोणीतरी त्यांना हाक मारली आणि ते गेले. वहिनींनी आम्हा दोघांना लाडू दिल्याशिवाय सोडले नाही. तो लाडू घशाखाली उतरायला मला फार वेळ लागला.

क्लिअर कोट एकदा गेला की तेवढ्यापुरते ठिगळ लावून भागत नाही. सोमवारी बॉनेट पुन्हा घासून रंगवावे लागले. खर्च आला दोन हजार आठशे. मेस्त्रींनी त्यातले निम्मेच माझ्या रोजातून कापले. मी म्हणालो, चूक पूर्ण माझी आहे. ते म्हणाले, "मशीन तुझ्या हातात कोणी दिले?" फीचे उरलेले पैसे बाबांनी भरले. का कमी पडले ते मी घरी सांगितले, तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, "बरे झाले, लग्नाआधी सांगितलेस."

ताज्या रंगाला श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो, म्हणून नव्या बॉनेटला मेस्त्रींनी वॅक्स लावू दिले नाही. जुलैत सर पुन्हा गाडी घेऊन आले, तेव्हा मी कॉलेज सुटल्यावर गॅरेजात गेलो. हातदिवा धरला. बॉनेटमध्ये दिव्याचा एकच स्वच्छ ठिपका होता, जाळे नव्हते. उजव्या दारावर मात्र दोन खोल ओरखडे अजून आहेत. ते काढायचे तर फार खोल जावे लागेल. मेस्त्री म्हणाले, राहू देत. सरही म्हणाले, राहू देत.

मी वॅक्सचा डबा उघडला आणि सावकाश सुरुवात केली.