गल्लीचं कुत्रं कुणाच्या नावावर?

येलदरीच्या वसाहतीत कुत्री कुणी पाळत नसे, ती असत. पूर्णा नदीवरचं धरण १९६८ मध्ये पुरं झालं, पायथ्याचं वीजघर सुरू झालं आणि पाटबंधारे खात्याच्या क्वार्टरांत ठिकठिकाणांहून बदलून आलेली बिऱ्हाडं लागली. साहेब बदलत, ओव्हरसियर बदलत, शाळेतले गुरुजी बदलत. कुत्री तेवढी कायमच्या नेमणुकीवर. एकच कुत्रं पहिल्या ओळीत मोत्या म्हटलं की यायचं आणि शेवटच्या ओळीत टायगर म्हटलं तरी शेपूट हलवायचं. सकाळी एका दारात शिळी भाकर, दुपारी दुसऱ्या दारात वरणभात, संध्याकाळी मासे धरणाऱ्या भोयांच्या मागे नदीवर. रात्री वीजघराची पाळी संपवून येणारा माणूस ओळखीचा की परका, हे त्यांना पहारेकऱ्याआधी कळे.

हा सगळा मुलूखच कुत्र्याला घास घालणाऱ्यांचा. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नरसी इथून लांब नाही. आता ते हिंगोली जिल्ह्यात मोडतं, पण १९९९ मध्ये जिल्हा तुटेपर्यंत ते परभणीतच होतं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आम्हाला शाळेच्या आधी आजीकडून कळली. तिकडे नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या माळेगाव यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांच्या बरोबरीनं कुत्र्यांचाही बाजार भरायचा आणि भरतो. लांब पायांचं, कमरेत बारीक असं कारवानी कुत्रं विकत घेऊन येणारा शेतकरी त्याला बैलाच्या तोऱ्यात गावातून फिरवी. ओळीतल्या कुत्र्याला मात्र किंमत नव्हती. किंमत नव्हती म्हणून खर्चही नव्हता, आणि खर्च नव्हता म्हणून ते सगळ्यांचं होतं.

भाद्रपदात कुत्र्यांची धामधूम उडे आणि थंडी पडता पडता क्वार्टरांच्या मागे, जळणाच्या ढिगात पिल्लं सापडत. पोरांची दिवाळीनंतरची दुसरी दिवाळी. कुणी पोतं आणी, कुणी चुलीजवळची कोमट राख पसरी, कुणी आईची नजर चुकवून दूध. कोणतं पिल्लू कुणाचं यावरून मारामाऱ्या होत. पौष सरेपर्यंत त्या मारामाऱ्यांना विषयच उरत नसे. सहा-सातांतलं एखादं जगे. बाकीच्यांना हगवण लागे, रक्त पडे, दोन दिवसांत ती निपचित होत. एखादं पिल्लू काहीच तोंडात नसताना जबडा हलवत राही, मग त्याला झटके येत. मोठी माणसं म्हणत, "वारं लागलं त्याला. हात लावू नको लेकरा." आणि आम्ही मान्य करायचो, कारण कुत्र्याची पिल्लं मरतात हे पावसाळ्यात नदीला पूर येतो इतकं सरळ होतं.

ते वारं कसलं होतं, हे आज पिल्लाच्या लसीकरण कार्डावर छापलेलं असतं. चघळल्यासारखा जबडा हलणं आणि झटके ही डिस्टेंपरची नेहमीची खूण. रक्ताच्या हगवणीतली काही पिल्लं जंतानं जात असतील. पण १९७८ च्या सुमारास जगात एक नवा विषाणू दिसला, पार्व्हो, आणि दोन-चार वर्षांत तो भारतातही पोचला. एकदा जमिनीत मुरला की तो महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणजे आम्ही दरवर्षी त्याच जळणाच्या ढिगाशी, त्याच पोत्यावर, मोठ्या मायेनं नवी पिल्लं नेऊन ठेवत होतो.

गंमत अशी की लस ही गोष्ट येलदरीला परकी नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर ढोरांच्या दवाखान्याची माणसं येत आणि घटसर्प, फऱ्या यांच्या लशी टोचून जात. बैल मेला तर पेरणी बुडते, म्हशीनं टाकलं तर दूध तुटतं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. बुळकांडी हा एके काळी दावणीच्या दावणी रिकामी करणारा रोग लशीनंच संपवला. भारतात त्याचे शेवटचे रुग्ण १९९५ मध्ये सापडले आणि २०११ मध्ये तो साऱ्या जगातून गेल्याचं जाहीर झालं. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ मध्येच उभं राहिलं होतं. लस होती, डॉक्टर होते. फक्त दावणीला बांधलेल्या जनावराला मालक होता आणि ओळीतल्या मोत्याला नव्हता.

सुई कुत्र्यासाठी नव्हती, पण कुत्र्यामुळे होती, आणि ती माणसाच्या पोटात जायची. ज्याला कुत्रं चावलं त्याला आधी घरी मिरचीपूड, चुना, हळद यांपैकी जे हाताशी येईल ते जखमेत भरलं जाई. मग कुणीतरी जाणता म्हणे, "जिंतूरला न्या, नाहीतर परभणीला." पुढे बेंबीभोवतीची ती इंजेक्शनं, रोज एक, चौदा दिवसांपर्यंत. वसाहतीत कुठल्याही व्रात्य पोराला गप्प करायला "चौदा इंजेक्शनं" एवढे दोन शब्द पुरत. डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरनं १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. पाश्चरनं १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला वाचवलं, त्याच वंशातली ही. ती स्वस्त होती, तिनं असंख्य जीव वाचवले. पण पोट सुजायचं, ताप यायचा आणि क्वचित कुणाला लशीनंच लुळेपणा यायचा. सरकारी दवाखान्यात सुईचे पैसे पडत नसत. खर्च होता तो एस.टी.चा, बुडालेल्या रोजाचा आणि बरोबर जाणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या रोजाचा. म्हणून सात-आठ दिवसांनी "आता बरं दिसायलं" म्हणत लोक मधेच सोडून देत. रेबीजचा कावा असा की जखम भरून येते, आठवडे, कधी महिने जातात आणि मग लक्षणं दिसतात. लक्षणं दिसल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही. तेव्हाही नाही आणि आजही नाही.

कुत्र्याचा न्याय आणखी झटपट होता. "कुत्रं पिसाळलं" अशी आरोळी उठली की काठ्या, कुऱ्हाडी निघत. आदल्या दिवसापर्यंत ज्याला भाकर घातली त्याच्याच मागे ओळ धावे. ते खरंच पिसाळलेलं होतं की उन्हानं लाळ गाळत होतं, हे तपासायला कुणी थांबत नसे, आणि थांबून तपासण्याची सोयही नव्हती. त्या दिवशी त्यानं आणखी कुठल्या कुत्र्याला, कुणाच्या म्हशीला दात लावले, याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नसे. पुढे एखादी म्हैस विचित्र हंबरू लागली, पाण्यापाशी अडखळू लागली, की तिचं दूध, ताक गेलेली सगळी घरं हादरत.

आज येलदरीला गेलं की क्वार्टरांच्या ओळी पूर्वीसारख्या गजबजलेल्या नाहीत. पण जिंतूरला, परभणीला, अगदी लहान गावातही घराच्या फाटकाआड लॅब्राडोर, पॉमेरियन दिसतात. त्यांना एकच नाव असतं, एकच दार असतं आणि एक कार्ड असतं. सहा-आठ आठवड्यांचं पिल्लू झालं की पहिली मल्टी, जिला दुकानदार सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन म्हणतात: डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ, लेप्टो वगैरे एकत्र. तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं ती पुन्हा, साधारण सोळा आठवडे होईपर्यंत. एकदाच देऊन भागत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लशीला आडवी येते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, मग तिचा बूस्टर, आणि पुढे वर्षाला एक. त्याआधी जंताचं औषध.

खर्च गावागणिक बदलतो, पण अंदाज सांगता येतो. खासगी दवाखान्यात रेबीजची लस डॉक्टरांच्या फीसकट तीनशे-पाचशेत होते, मल्टीला सहाशे ते हजार लागतात. म्हणजे पिल्लाचं पहिलं वर्ष अडीच ते चार हजारांचं, नंतरचं प्रत्येक वर्ष हजार-दीड हजाराचं. हे टाळलं आणि पार्व्हो झाला तर चार-पाच दिवसांच्या सलाईनलाच त्याहून जास्त जातात, आणि पिल्लू वाचेलच असं नाही. रेबीजचा हिशेब आणखी उघडा आहे. माणसाच्या लशीच्या दंडातल्या चार-पाच मात्रा बाहेर विकत घेतल्या तर दीड-दोन हजार होतात; जखम खोल असेल तर सीरमचे पैसे वेगळे. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते, पण फुकट म्हणजे तिचे पैसे कुणीच भरत नाही असं नव्हे. कुत्र्याच्या दंडात तीनशेची सुई गेली तर माणसाच्या दंडातल्या पुष्कळ सुया वाचतात.

चावल्यानंतरचं जगही बदललंय, आणि त्या बाबतीत मी जुन्या दिवसांचा एकही क्षण परत मागणार नाही. मेंढीच्या मेंदूची लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, मिरची नाही, चुना नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लस दंडात, तीही ठरावीक तारखांना, रोज नाही. "चौदा इंजेक्शनं" ऐकून आजचं पोर हसतं.

तरी एक गोष्ट आमच्या काळात होती आणि आता नाही. कुत्रं सगळ्यांचं होतं. आता एक तर ते कुणाचं तरी असतं, नाहीतर ते "मोकाट" असतं. फाटकाआडच्या कुत्र्याला पाच लशी आणि फाटकाबाहेरच्याला दगड. विषाणूला हे फाटक दिसत नाही. आणि कार्डावर "मालकाचे नाव" या रकान्यापाशी सगळं अडतं. शेजारच्या बाई दोन वर्षं रोज पोळी घालतात, पण लशीचं विचारलं की म्हणतात, "ते आमचं नाही ओ." खोटं नाही त्यांचं. आमच्या ओळीतही मोत्या कुणाचाच नव्हता, म्हणून तर तो बिनलशीचा राहिला. भाकर सगळ्यांनी वाटून घातली. दवाखान्याचा फेरा वाटून घ्यावा, हे कुणाच्या मनात आलं नाही.

हे जमतं, याचा दाखला शेजारीच आहे. गोव्यात सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी २०१४ पासून वाड्यावाड्यांत फिरून, मोठ्या जाळ्यांनी रस्त्यावरची कुत्री धरून, टोचून, जागेवरच सोडून दिली. घरातलं आणि दारातलं असा भेद केला नाही. दहातल्या सात कुत्र्यांना दरवर्षी लस गेली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. २०१७ नंतरची काही वर्षं तिथं रेबीजनं एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. देशभरात मात्र आजही दरवर्षी हजारो माणसं या रोगानं जातात. अलीकडचा, कमीतला अंदाजही पावणेसहा हजारांच्या घरात आहे. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचा, असा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जाहीर केलाय. २०२३ च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. ग्रामपंचायतीला ती एकटीनं पेलेल का, याचं उत्तर गाव जाणतं.

पण गल्लीला ती पेलेल. जनावरांच्या रेबीज लशीची दहा मात्रांची बाटली मिळते. फोडली की तिला त्याच दिवशी संपवावं लागतं, दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात ठेवावं लागतं, म्हणून एका कुत्र्यासाठी ती कुणी फोडत नाही. दहा कुत्र्यांसाठी ती जणू मापानंच बनवलीय, आणि कुठल्याही गल्लीत साधारण तेवढी असतातच. ६ जुलैला, पाश्चरनं पहिली लस दिली त्या तारखेला, जागतिक प्राणिजन्य आजार दिन असतो. तेव्हा पशुवैद्यक महाविद्यालयं आणि सरकारी दवाखाने मोफत रेबीज लसीकरणाची शिबिरं घेतात. तिथं फाटकाआडची कुत्री गाडीतून येतात. बाहेरच्याला आणायला माणूस लागतो: ज्याच्या हातची भाकर ते खातं, ज्याच्या हातात ते मान देतं, तोच.

बाकी राहिला पैशाचा प्रश्न. भाद्रपदात गल्लीत गणपतीची वर्गणी फिरते. त्याच भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम असतो आणि जी पिल्लं थंडीत डोळे उघडतात, त्यांची रेबीजची लस माघ-फाल्गुनात येते. वर्गणीतले घरटी वीस रुपये त्या महिन्यासाठी बाजूला काढले तर बाटली, डॉक्टर आणि कुत्री धरणाऱ्या पोरांचा चहा, सगळं निघतं. आणि डॉक्टरांनी कार्ड भरताना मालकाचं नाव विचारलं तर गल्लीचं नाव सांगावं. त्या रकान्यात ते बसतं.